उतारावर न्यूट्रल

दिल्लीत नोकरी करून निवृत्त झालेली मराठी माणसं पुण्याला जातात. आमच्याकडे हा जवळजवळ नियमच आहे. पेन्शन सुरू झाली की निरोपाचं जेवण होतं, श्रीखंडाच्या वाट्या फिरतात, दिल्लीच्या थंडीला आणि धुराला चार शिव्या घातल्या जातात आणि महिन्याभरात सामानाचा ट्रक कोथरूडच्या दिशेने निघतो. अशा कितीतरी जेवणांना मी जाऊन आले. दरवेळी परतताना मी यांना बजावायची, "आपण नाही हं जायचं." आणि हे म्हणायचे, "तू ठरव."

यांचं हे 'तू ठरव' ऐकलं की माझं डोकं फिरतं. केंद्र सरकारच्या कचेरीत उभा जन्म फायलींवर शेरे मारण्यात गेलेला माणूस, पण घरातल्या एका प्रश्नावर स्वतःचं मत देईल तर शपथ.

त्या हिवाळ्यात मात्र प्रकरण गळ्याशी आलं. यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, कडेचं दिसेनासं झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. त्याच सुमारास मी आमच्या इमारतीच्या ओल्या संगमरवरावरून घसरले आणि डावा घोटा मोडून घेतला. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने पाय एकदम ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. ते पायाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी गाडी बेसमेंटच्या चढावर आणली, तर क्लच सोडताना पाय लटलटायला लागला, गाडी मागे घरंगळली आणि चौकीदाराच्या खुर्चीचा चुराडा झाला. चौकीदार तेव्हा चहाला गेला होता, हे माझं नशीब. वर आले, किल्ली खुंटीला अडकवली आणि मुलाला फोनवर सांगितलं, आता गाडीच्या नावाने कानाला खडा. तो दिल्लीत वाढलेला, त्याला आधी 'कानाला खडा' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं.

समजल्यावर तो म्हणाला, "आई, ऑटोमॅटिक घे ना यार. क्लचच नाही, टेन्शनच नाही."

"अरे, क्लच काढून घेतलास तरी भीती गाडीतच बसलेली असेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

एवढ्यासाठी घर सोडून पुण्याला कशाला जायचं, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी आमचा सेक्टर माहीत हवा. नव्वदच्या दशकात, देशात सगळंच खुलं होत होतं तेव्हा, यांच्या ऑफिसातल्या लोकांनी सोसायटी करून यमुनेपलीकडे नोएडात जमीन घेतली. सरकारी क्वार्टर सोडून आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा रस्ते होऊन गेले होते आणि माणसं अजून यायची होती. विमान उतरावं एवढा रुंद रस्ता, आणि त्यावर संध्याकाळी फिरायला आम्ही दोघं आणि एक नीलगाय. बस नाही, मंडई नाही, रिक्षावाला सेक्टरचा नंबर ऐकूनच नाक मुरडायचा. माझी शाळा करोल बागेत होती, मी तिथे गणित शिकवायची. नोकरी सोडायची की गाडी शिकायची, एवढाच प्रश्न होता. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे दिवस संपले होते, कर्ज देणारे आपण होऊन दारात यायला लागले होते. आम्ही छोटी लाल गाडी घेतली आणि त्या रिकाम्या रस्त्यांवर यांनी मला ती चालवायला शिकवली.

शिकवली म्हणजे पेट्रोल वाचवायला शिकवलं. सिग्नलला इंजिन बंद. चौथा गिअर होईल तितक्या लवकर. आणि उतार दिसला रे दिसला की न्यूट्रल, कारण गाडी आपली आपण घरंगळते तर इंजिनाला कशाला त्रास? उड्डाणपुलाचा माथा आला की हे शेजारून मंत्र म्हटल्यासारखे म्हणायचे, "न्यूट्रल कर." माझा हात जायचा. पुढे हे शेजारी नसतानाही जायला लागला. असं करणं धोक्याचं असतं हे मला नंतर समजलं, पण लागलेली सवय कुठे जाते? ती गाडी गेली, दुसरी आली, तिसरी आली, सेक्टरमध्ये मॉल आला, बस काही आली नाही, नीलगाय गेली. उतारावरचा न्यूट्रल तेवढा राहिला.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक पंजाबी गृहस्थ राहतात. करोल बागेत त्यांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. कितीतरी वर्षं ते माझ्या गाडीतून दुकानात आले, कारण मोटारींचं दुकान असलेल्या या माणसाची स्वतःची मोटार कायम उघडून ठेवलेली असायची. जुनी इंग्लिश स्पोर्ट्‌स कार होती ती. दोनच सीटा, छप्पर नाही, पुढचं नाक हे एवढं लांब आणि रंग कधीकाळी हिरवा. कुठल्याशा गोदामातून त्यांनी तिचा सांगाडा आणला होता, आणि आयात खुली झाल्यावर परदेशातून एकेक भाग मागवून ते ती जोडत बसले होते. दर रविवारी आमचे हे तिकडे. पाना मागितला की पाना द्यायचा, टॉर्च धर म्हटलं की टॉर्च धरायचा. बदल्यात शेजाऱ्यांनी यांना शब्द दिला होता, की गाडी पुरी झाली की रेस ट्रॅकवर न्यायची आणि पहिली चक्कर यांनी मारायची. हे दोघंही गाडीच्या आधी निवृत्त होणार, असं मी चिडवायची.

गाडी पुरी झाली आणि झाली ती नेमकी यांचे डोळे असे झाल्यावर. मला ते फार लागलं. यांना किती लागलं, ते कळायला मार्ग नव्हता.

थंडी सरता सरता जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी ग्रेटर नोएडाकडचा रेस ट्रॅक एका सकाळपुरता भाड्याने घेतला. शेजाऱ्यांनी आम्हाला आग्रहाने बोलावलं. ते त्यांच्या हिरव्या गाडीतून गेले आणि आम्ही दिवसापुरता ड्रायव्हर ठरवून आमच्या गाडीतून. वाटेत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कोथरूडला माझ्या दिरांच्या इमारतीत एक फ्लॅट रिकामा होत होता आणि मालकाला त्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते हवं होतं. मी यांना विचारलं. "तू ठरव." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग मी खिडकीबाहेर बघत बसले. माझंही जवळजवळ ठरलंच होतं. जीव इथे अडकलेला होता, पण रोज उठून ड्रायव्हरच्या फोनची वाट बघत घरात कोंडून राहणं मला जमणारं नव्हतं. संध्याकाळी दिरांना हो म्हणून टाकायचं.

ट्रॅकवर ऊन छान पडलं होतं. रिकाम्या गॅलऱ्या, पेट्रोलचा वास, फॉइलमधले पराठे आणि टोप्या घातलेले, पोटं सुटलेले, लहान मुलांसारखे खूश दिसणारे बाप्ये. शेजाऱ्यांनी यांच्या हातात हेल्मेट ठेवलं.

"चलो जी, वादा वादा होता है. मैं बगल में बैठूँगा, आप बस सीधे में थोड़ा चला लेना."

हे हसले. हेल्मेट त्यांनी एकदा हाताने चाचपून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं. "मेरी जगह ये चलाएगी."

मी मराठीत सुरू झाले. चारचौघांत भांडायला दिल्लीत मराठीसारखी सोय नाही. "अहो, वेड लागलंय का? चौकीदाराची खुर्ची मोडली तेवढी पुरे नाही झाली?"

"इथे खुर्ची नाहीये," हे म्हणाले. "बिल्कुल मोकळा रस्ता आहे. आपला सेक्टर पहिल्यांदा होता तसा."

मी शेजाऱ्यांकडे आशेने पाहिलं. आपली वीस-बावीस वर्षांची तपश्चर्या असली गाडी कुठला शहाणा माणूस माझ्या हातात देईल? पण ते दार उघडून उभे होते. "भाभीजी, इतने साल मुझे करोल बाग आपने पहुँचाया. और ड्राइवर मैं कहाँ से लाऊँ?"

बसले. बसले म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसले. लाकडी स्टिअरिंग, त्याच्या पलीकडे ते लांब नाक, आणि क्लच असा जड की जुन्या शिलाई मशीनच्या गंजलेल्या पेडलवर पाय ठेवल्यासारखं वाटलं. शेजाऱ्यांनी समजावलं, की या गाडीला खालच्या गिअरवर आणायचं तर क्लच दोनदा दाबावा लागतो. एकदा दाबून न्यूट्रलला यायचं, सोडायचा, जरासं ॲक्सिलरेटर द्यायचं, पुन्हा दाबून गिअर घालायचा. मला एका दाबाची धास्ती, आणि ही बया दोन मागत होती.

पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली. वरचे गिअर घालणं सोपं पडत होतं, दुसरा, तिसरा. वारा गालांवर सपासप लागायला लागला. समोर रस्ता एवढा रुंद आणि एवढा रिकामा, की मला खरोखरच आमच्या सेक्टरची पहिली वर्षं आठवली. मी खांदे जरा सैल सोडले. रस्ता हळूहळू खाली उतरत चालला होता.

आणि माझा हात गेला. उतार दिसल्यावर तो कुणाला विचारतो थोडाच? न्यूट्रल.

इंजिनाचा आवाज एकदम पडला, गाडी मात्र सुसाट सुटली. शेजारी ओरडले, "भाभीजी, यहाँ नहीं! पेट्रोल मेरा है! गियर में डालिए!"

उताराच्या तळाशी वळण होतं आणि ते आमच्याकडे धावत येत होतं. ब्रेक दाबला, पण जुने ब्रेक ते, त्यांना विचार करायला वेळ लागतो. गिअर घालायला गेले तर कर्रर्र आवाज. "क्लच! छोड़ो! एक्सीलेटर! फिर क्लच!" पाय गेला, आला, पुन्हा गेला. दुसरा गिअर खट्‌कन बसला, इंजिन गुरगुरलं आणि गाडी मागून कुणी धरल्यासारखी मंदावली. वळणावर आम्ही कडेच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यावरून खडखडत गेलो आणि परत रस्त्यावर आलो.

शेजाऱ्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी घामाने निथळत होते. पुढचं वळण घेतल्यावर कुठे माझ्या ध्यानात आलं, की मघाशी डावा पाय दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळा बरोबर गेला होता. लटलटला नव्हता. माझं त्याच्याकडे लक्षच नव्हतं, म्हणून त्याने निमूटपणे आपलं काम केलं. इतके दिवस मी त्या पायाकडे परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तशी डोळे वटारून बघत आले होते. मला स्वतःचाच राग आला आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला, की मी उगाचच हॉर्न वाजवला.

परत आल्यावर शेजाऱ्यांनी साभिनय सगळी हकीकत सांगितली. हे लक्ष देऊन ऐकत होते. "उतारावर न्यूट्रल केलं?" हे म्हणाले. "अच्छा. म्हणजे शिकवलेलं विसरली नाहीये."

"बसा आता तुम्ही," मी म्हटलं. "तुमची चक्कर अजून बाकी आहे."

शेजारी उतरले आणि हे बसले. यांना रस्ता किती दिसत होता कोण जाणे, पण कान शाबूत होते. इंजिनाच्या आवाजावरून म्हणत होते, "आता तिसरा घाल," आणि तो बरोबर तेव्हाच घालायचा असायचा. दर रविवारी त्या गाडीशेजारी नुसता टॉर्च धरून बसले नव्हते तर. उतार आला. मी मंत्राची वाट पाहिली. तो आला नाही. मी गिअर तसाच ठेवला, वळणाआधी क्लच दोनदा दाबला, आणि गाडी शहाण्यासारखी वळली. हे मोठ्याने हसले, तोंड उघडून, वाऱ्यात. काचबिंदूचं कळल्यापासून यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. वाऱ्यावर ढकलता आलं म्हणून बरं.

दुपारी निघताना मी ड्रायव्हरपुढे हात केला आणि किल्ली मागितली. त्याने यांच्याकडे पाहिलं, हे आकाशाकडे बघत होते. शेवटी तो बिचारा मागच्या सीटवर साहेबासारखा अंग चोरून बसला आणि घर येईपर्यंत त्याने पुढची सीट घट्ट धरून ठेवली. रस्त्यावर ट्रॅक्टर होते, उलटे येणारे स्कूटरवाले होते, सिग्नलला क्लच दाबून थांबावं लागत होतं. घोटा दुखत होता, खोटं कशाला बोलू? पण दुखणं वेगळं आणि घाबरणं वेगळं.

सेक्टरच्या अलीकडे आमचा नेहमीचा उड्डाणपूल लागला. माथ्यावर आलो तसे हे म्हणाले, "न्यूट्रल कर."

मी केलं. गाडी आवाज न करता उतरायला लागली.

"पुण्याला फोन करून सांगतो," हे म्हणाले. "फ्लॅट नको म्हणून."

मी दचकून पाहिलं. "ठरवायचं मी होतं ना?"

"मला इथेच राहायचं होतं. पहिल्यापासून."

"मग इतक्यांदा विचारलं तेव्हा तोंडात काय मूग धरले होते?"

हे समोर बघत होते. "इथे राहायचं तर गाडी तुलाच चालवावी लागणार होती," हे म्हणाले. "मी कोणत्या तोंडाने सांगणार?"

पूल संपत आला होता. मी क्लच दाबला आणि गाडी गिअरमध्ये घातली.