पाण्याचा रकाना

सरांनी पडद्यावर माझं घराणं लावलं.

चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. ज्याला आजार, त्याची खूण काळी. जो गेला, त्याच्यावर तिरकी रेघ. वर आजोबा, काळे, रेघ मारलेले. त्यांच्याखाली वडील, तेही काळे, रेघ मारलेले. वडिलांच्या खाली दादा. काळा. रेघ अजून नाही. दादाच्या शेजारी एक गोल आणि त्यात प्रश्नचिन्ह. ती मी. मी अजून तपासणी केलेली नाही.

हॉलमध्ये औषध कंपनीचे पाहुणे होते, बाहेरून आलेले डॉक्टर होते. मी शेवटच्या रांगेत होते. एका पाहुण्याने विचारलं, एवढं मोठं कुटुंब हाताशी असताना नव्या गोळीच्या चाचणीत यातलं कोणीच कसं नाही?

सर म्हणाले, "जालना जिल्हा आहे, साहेब. या गोळीवर दिवसाला पाच-सहा लिटर पाणी प्यावं लागतं. हे लोक तेवढ्यात आठवड्याची आंघोळ उरकतात."

हॉल हसला. मीही हसले. सर हसले की हसायची सवय होती.

"रक्त मात्र फर्स्ट क्लास," सर पुढे म्हणाले. "आणि ते आणणारी ही आपली मुलगी, त्यांच्यातलीच." सगळे मागे वळले. मी उभी राहिले आणि हात जोडले.

सरांचे माझ्यावर उपकार आहेत, ते आधी लिहिते. मी तीर्थपुरीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. घराण्यातली पहिली पदवीधर. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजीत माझी जीभ वळेना, तेव्हा सरच म्हणाले होते, मराठीत सांग, घाबरू नकोस. किडनीच्या आजाराच्या संशोधनात त्यांनी मला घेतलं. दर गुरुपौर्णिमेला मी त्यांच्या पाया पडत आले.

आमच्याकडे या आजाराला नाव नव्हतं. "पोट येतं" एवढंच म्हणायचे. चाळिशीच्या आसपास बरगड्यांखाली दोन्ही बाजूंनी पोट यायचं. मग सूज, मग डायलिसिस, मग माणूस जायचा. किडनीत पाण्याचे फोड होतात, द्राक्षाच्या घडासारखे वाढत जातात, आणि बापाला असलं तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता, हे मला सरांनी शिकवलं. वडील का गेले ते मला ते गेल्यावर पाच वर्षांनी कळलं.

मग रक्त गोळा करायचं ठरलं. तीर्थपुरीपासून शहागडपर्यंत आमचं भावकीचं जाळं आहे. परक्यापुढे कोणी दंड उघडा करत नाही. माझ्यापुढे केला. चुलते अप्पा सगळ्यांना म्हणाले, "आपली पोरगी मागून राह्यली. द्या." म्हाताऱ्यांनी दिलं, लेकुरवाळ्या बायांनी दिलं. प्रत्येक घरात एकच विचारलं गेलं, औषध मिळल का. मी म्हणाले, मिळेल. असं सांग म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. माझा विश्वास होता.

दादाचं शहागडला हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. त्याचं पोट आलेलं. ट्रकवाले त्याला चिडवायचे, "शेठ, धंदा जोरात दिसतोय, तब्येत बघा." तोही हसायचा. टायर उचलताना कमरेत कळ आली की खाली बसून राहायचा. त्याच्या किडन्या अजून काम करत होत्या. नवी गोळी आजार बरा करत नाही, वाढ हळू करते. म्हणजे ती घ्यायची वेळ आत्ताच होती. पुढे घेऊन उपयोग नाही.

चाचणीत कोणाला घ्यायचं हे ठरवायला एक फॉर्म होता. तोही मीच घरोघरी भरला. त्यात एक रकाना पाण्याचा. रोज किती पाणी मिळतं, कुठून मिळतं. या गोळीने लघवी फार होते आणि तहान फार लागते. पाणी कमी पडलं तर माणूस आजारी पडेल. म्हणून तो रकाना. प्रश्न योग्यच होता. पण कोणता प्रश्न कशासाठी आहे हे सांगायची परवानगी नव्हती. उत्तरं बिघडतात म्हणे.

मी वहिनीला विचारलं. मागच्या अंगणात शेजारच्या बोअरची नळी सुरू होती, टाकी भरून वाहत होती. वहिनी म्हणाली, "पाणी न्हाई म्हणून लिही."

मी टाकीकडे बघितलं.

"तिकडं काय बघायलीस? लिही, टँकर येतो, आठ दिवसाला. तेबी बराबर येत न्हाई."

आमच्या गावांत कागद घेऊन आलेल्या माणसाने पाण्याचं विचारलं की असंच सांगतात. आजवर जो कोणी पाण्याचं लिहून घ्यायला आला, तो टँकर मंजूर करायलाच आला. पाणी आहे म्हटलं की टँकर बंद. लहान पोरांनाही हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण मला शिकवलं होतं की समोरचा बोलेल तेच लिहायचं, स्वतःचं घालायचं नाही. मी प्रामाणिकपणे लिहिलं. सगळ्या घरांत लिहिलं. टँकर, आठ दिवसांनी. खाली माझी सही.

त्या रकान्यावर आमचं सगळं घराणं बाद झालं. ते मला त्या हॉलमध्ये कळलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. टँकरची सगळी गोष्ट सांगितली. मी म्हणाले, पुन्हा विचारू द्या, दुसऱ्या कोणाला पाठवा, ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांना तरी घ्या. दादाला पाणी आहे. मी त्याच्या घरचं पाणी पिऊन आले आहे.

सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे ही माणसं खोटं बोलली. उद्या गोळी न घेता घेतली म्हणतील. अशांना चाचणीत घेत नाहीत." मग म्हणाले, "आणि भावासाठी म्हणून तू आकडे बदलायला सांगतेस? मी तुला हे शिकवलं?"

मी माफी मागितली. केबिनबाहेर आल्यावर लक्षात आलं की मी माफी मागितली.

महिन्याभराने सरांनी बोलावलं. त्याच लोकांचं पुन्हा रक्त आणायचं होतं. औषध नसताना आजार किती वेगाने वाढतो ते बघायचं होतं, गोळी घेणाऱ्यांशी ताडून बघायला. म्हणजे दादा संशोधनात होताच. फक्त औषध नसलेल्या बाजूला.

मी त्या रविवारी गावी गेले. अप्पांच्या ओट्यावर सगळ्यांना बसवलं आणि जे झालं ते सांगितलं. रक्त कशाला हवं, गोळी का नाही, आणि मी "मिळेल" म्हणाले ते माझं चुकलं. मग अप्पांनी विचारलं, "म्हंजी आपण पाणी न्हाई म्हणलो, म्हणून?"

वहिनी उठून आत गेली. मी मागे गेले. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. म्हणाली, "मंग मला तवाच का न्हाई सांगितलं तू?" आपल्या तोंडाने नवऱ्याचं औषध घालवलं, असं तिच्या मनाने घेतलंय. ते मला आजही काढता आलेलं नाही.

दादा एवढंच म्हणाला, "जाऊ दे. तुझी नोकरी सांभाळ."

सोमवारी मी सरांना सांगितलं की मी रक्त आणणार नाही.

"तुला इथपर्यंत कोणी आणलं?"

"तुम्हीच आणलं, सर. पण मी रक्त आणणार नाही."

ते म्हणाले, दुसऱ्याला पाठवीन. मी म्हणाले, पाठवा, घरोघरी सगळं माहीत आहे.

आता मी प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. गुरुपौर्णिमेला गेले नाही. दादाच्या नव्या सोनोग्राफीत किडन्या आणखी वाढलेल्या आहेत. माझ्याकडे त्याच्यासाठी काहीच नाही. एवढं शिकून, रोज त्याच आजाराच्या बाटल्या हाताळून, काहीच नाही.

संस्थेच्या नैतिकता समितीकडे आम्ही अर्ज दिला आहे. घरं पुन्हा तपासा. पाणी डोळ्यांनी बघा. ज्यांचं रक्त घेतलं त्यांना औषध मिळणार की नाही, ते लिहून द्या. खाली सगळ्या भावकीच्या सह्या आणि अंगठे आहेत. पहिली सही दादाची. उत्तर आलेलं नाही. स्मरणपत्रं मी दर महिन्याला देते, पोच घेते.

उत्तर मिळेपर्यंत या घराण्यातून रक्ताची एक नळी बाहेर जाणार नाही. दादा तोवर राहिला नाही, तरीही.