चण्याएवढी पेस्ट

कामठ्यात कोणाचा पंप, पंखा, मिक्सर बंद पडला की लोक मला, म्हणजे चंद्रकुमारला, बोलावतात. नंतर आमगावच्या मिस्त्रीला बोलावतात, हे मी सहसा सांगत नाही.

माझी बायको डिंपल घरीच लग्नाचे व्हिडिओ जोडते. यादोरावांच्या मुलीच्या लग्नाचं हे तिचं पहिलं मोठं काम. रिसेप्शनला सगळ्या गावासमोर पडद्यावर दाखवायचं होतं. ऐन वेळी कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला. डिंपल रडकुंडीला आली. मी मात्र खुशीत आलो.

गोंदियाच्या दुकानदाराने थर्मल पेस्टची ट्यूब दिली. प्रोसेसरची उष्णता त्याच्यावरचा पंखेवाला धातूचा ठोकळा ओढून घेतो, आणि दोघांमधल्या बारीक फटी ही पेस्ट बुजवते, असं त्याने समजावलं. “चने के दाने जितना, बस,” तो म्हणाला.

चण्याएवढं? मला त्या माणसाची कीव आली. आम्ही धानवाले. खेकड्यांनी धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, भोकं पाडली की चिखलाचे गोळेच्या गोळे थापतो. हात आखडला तर आपल्या बांधीतलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं, पाणी शेजाऱ्याच्या बांधीत. फट बुजवायला मला कोण शिकवणार! अख्खी ट्यूब पिळली, बोटाने छान सारवली, आणि पेस्ट बाहेर येऊन वाया जाऊ नये म्हणून ठोकळ्याचे स्क्रू जरा सैलच ठेवले.

आधी कॉम्प्युटर थोडा वेळ तरी चालायचा. आता सुरू होता होताच बंद पडू लागला. मी व्होल्टेजला शिव्या घातल्या, मग दुकानदाराला. शेवटी डिंपलनेच ठोकळा काढून पाहिला.

“काऊन जी, धुरा बांधून राहिले का इथं? एवढ्या जाड थरातून गरमी वर जाईन कशी?”

“पण फट...”

“तुमी बाजूले बसा. हात नोका लावू.”

तिने कापसाने सगळं पुसलं, ट्यूबच्या तोंडाशी उरलेला ठिपका मधोमध ठेवला आणि स्क्रू घट्ट आवळले. कॉम्प्युटर चालला. मला लाज वाटली, म्हणून शेतावर निघून गेलो.

रिसेप्शनला व्हिडिओ संपला, टाळ्या पडल्या. यादोराव माइकवर म्हणाले, “कॉम्प्युटर बिघडला होता म्हणे! आपल्या चंद्रकुमारनं सुधरवला असन!”

माझी मान डोलायला लागलीच होती. डिंपल माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसती. हा आता होच म्हणणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. ते मला फार लागलं.

“मी बिघडवला,” मी ओरडलो. “सुधरवला तिनं.”

मांडवभर हशा पिकला. सगळ्यांत जोरात डिंपल हसली. मला इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं, की मी दोनदा जेवलो.