डाव्या माडावरची खूण

वादविवाद स्पर्धेची घंटा राजाराम तांबेकडे असायची. चार मिनिटांना एक टोला, पाचला दोन, आणि तरीही पोरगं थांबलं नाही तर ते थांबेपर्यंत. रत्नागिरीतल्या त्या शाळेत शिपाई म्हणून लागल्यापासून, म्हणजे तेवीस वर्षं, हे काम दुसऱ्या कुणाला मिळालं नव्हतं. तो घड्याळ बघायचा, वक्त्याकडे बघायचा नाही. त्याआधीची सतरा वर्षं त्याने पलटणीत काढली होती. त्या नोकरीबद्दल शाळेत कुणी फारसं विचारत नसे आणि तो सांगत नसे.

यंदा जानेवारीअखेर तो निवृत्त होणार होता. स्पर्धा त्याच्या आदल्याच आठवड्यात होती. विषय मराठीच्या हेमाबाईंनी काढला होता, रोजच्या पेपरातल्या लढायांच्या बातम्या वाचून. सूचनेचा कागद राजारामनेच वर्गावर्गांतून फिरवला, पण तो वाचला नाही. नववी ‘ब’मध्ये बाईंनी मोठ्याने वाचला तेव्हा तो दारात उभा होता. ‘परक्या भूमीवरील नकोशा युद्धातून सैन्य परत बोलावणे हेच शहाणपणाचे.’ बाईंनी सही करून कागद परत दिला, तरी तो पुढच्या वर्गाकडे जायचा राहिला. बाईंना दोनदा ‘तांबे’ म्हणून हाक मारावी लागली.

प्रत्येक शाळेची जोडी असते, एक विषयाच्या बाजूने बोलतो, एक विरुद्ध. इथे बाजूने मनस्विनी होती आणि विरुद्ध यज्ञेश. तांबेमामा शांतिसेनेत श्रीलंकेला होते, हे मनस्विनीला हेमाबाईंकडून कळलं. मधल्या सुट्टीत तिने त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

“मामा, तुम्हाला परत बोलावलं तेव्हा किती आनंद झाला ते सांगा ना. एकच वाक्य द्या, पण खरं.”

“एकच ना? आनंद झाला. लिही.”

“असं नाही हो! जरा डोळ्यांत पाणी वगैरे.”

“पाणी टाकीत हाय. भर आणि जा वर्गात.”

ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. चौथ्या दिवशी राजारामने सांगितलं. का सांगितलं, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. घरी त्याची लंकेची गोष्ट बोटीत चढण्यापासून सुरू व्हायची. समुद्र लागला, कोण कसा ओकला, मद्रासला उतरल्यावर पहिला चहा कसा लागला. त्याच्या आधीचं त्याने बायकोला, सावित्रीलाही, कधी सांगितलं नव्हतं.

त्यांची चौकी एका गावातल्या शाळेत होती. अर्ध्या इमारतीत तीस जवान, अर्ध्यात मुलं. गाव बघितलं की कोकणच वाटायचं. माड, फणस, झावळ्यांच्या झापांची कुंपणं, विहिरीवर रहाट. त्या देशात आपण नको होतो. तिथल्या लोकांना नको होतो, आणि पुढे पुढे इथल्या पेपरांनाही. पंधरा दिवसांचे शिळे पेपर चौकीत यायचे आणि त्यांवरून दोन पक्ष पडायचे. एक म्हणायचा, एवढी माणसं घालवली ती काय अशीच परत जायला? दुसरा म्हणायचा, आणखी कशाला घालवायची? वडिलांचं पत्र यायचं, हातखंब्याच्या नाक्यावर लोक बोलतात की तुम्हाला परत आणणार, तर नक्की कधी आणणार ते कळव. राजाराम परत जाणाऱ्यांच्या पक्षात होता. आजही आहे.

त्या शाळेचा शिपाई सिन्नतंबी. पस्तिशीचा, किडकिडीत, कायम लुंगी आणि कायम सायकल. राजारामला तमीळचे चाळीसेक शब्द येत होते आणि सिन्नतंबीला हिंदीचे तेवढेच. पण मुख्य बोलणं शब्दांविना चालायचं. रस्त्यात रात्री बंडखोरांनी सुरुंग पेरलेले असले, की सिन्नतंबी सकाळी सायकल हातात धरून चालत यायचा. काही नसलं की सायकलवर बसून यायचा. हे कधी ठरलं नव्हतं. एकदा राजारामच्या लक्षात आलं, आणि त्याने सुभेदारांना सांगितलं. त्यावर दोनदा अख्खी गाडी वाचली.

याच्या बदल्यात सिन्नतंबीने एकच गोष्ट मागितली. तुम्ही निघाल त्याच्या आदल्या दिवशी मला कळू दे. बायको आणि दोन मुली घेऊन तो मन्नारकडे जाणार होता, तिथे त्याचा मेव्हणा होता. सैन्याला मदत करणाऱ्याचं सैन्य गेल्यावर काय होतं, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. निघायचा दिवस तोंडाने सांगायची गरज नव्हती. विहिरीजवळ दोन माड होते, त्यांना दोरी बांधलेली. राजारामची बनियन रोज दोरीच्या उजव्या माडाकडच्या टोकाला वाळत असायची. ती डाव्या माडाकडे दिसली की समजायचं.

फेब्रुवारी नव्वदमध्ये संध्याकाळी हुकूम आला, परवा पहाटे निघायचं. राजारामने दुसऱ्या दिवशी सकाळी बनियन धुतली, पिळली, आणि दोरीपाशी उभा राहिला. परत जायचं ठरल्यानंतरच्या त्या दोन महिन्यांत त्याच रस्त्यावर त्यांच्यातले दोघे जिवानिशी गेले होते. सिन्नतंबी बायकामुलांसकट गावातून निघाला की दुपारपर्यंत गावाला समजणार होतं, चौकी उठतेय. आणि रात्रीत रस्ता पेरला जाणार होता. उरलेल्या अठ्ठावीस माणसांना त्याच रस्त्याने जायचं होतं.

त्याने बनियन उजव्या माडाकडे टाकली.

थोड्या वेळाने सिन्नतंबी सायकलवर बसून आला. फाटकातून आत येताना त्याने दोरीकडे बघितलं, आणि वर्ग झाडायला गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस माणसं सुखरूप निघाली.

“मग?” मनस्विनीने विचारलं. “त्यांचं काय झालं?”

“नाय माहीत.”

“मारलं?”

“नाय माहीत बोललो ना, बाय.”

तिने पुढे लिहिलं नाही. त्याने जे सांगितलं नाही ते असं, की हातखंब्याजवळच्या त्याच्या घरी तो रोज सकाळी स्वतःची एक बनियन स्वतः धुतो आणि पडवीच्या डाव्या बाजूच्या माडाला टांगतो. पावसाळ्यातसुद्धा. सावित्रीला ती लष्करी सवय वाटते. घाटीत कुणी सायकल हातात धरून चढताना दिसलं की त्याचे पाय जागच्या जागी थांबतात, समोर काय आहे ते कळायच्या आत. आता सायकली कमी झाल्या आहेत, तेवढा फरक पडला आहे. पण सिन्नतंबी मेला, असं तो कधी मनातसुद्धा म्हणाला नव्हता. पस्तीस वर्षं तो माणूस त्याच्या डोक्यात मन्नारच्या वाटेवर होता, पुढच्या दांड्यावर एक मुलगी, मागे बायको आणि दुसरी. पोचला नव्हता, पण मेलाही नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. परीक्षक म्हणून शहरातले एक वकील होते. राजाराम कोपऱ्यातल्या टेबलाशी, घंटा उजव्या हाताला, घड्याळ समोर. मनस्विनी चांगली बोलली. आकडे दिले, खर्च सांगितला, घरी वाट बघणाऱ्या आया सांगितल्या. टाकीपाशी ऐकलेल्यातलं एक अक्षर काढलं नाही. राजारामला बरं वाटलं.

मग यज्ञेश उठला. दीड मिनिटाला तो थांबला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, “मित्रहो, एका गावातल्या शाळेत एक गरीब शिपाई होता.”

राजारामने पहिल्यांदाच घड्याळावरून नजर काढली.

यज्ञेशने सगळं सांगितलं. सायकल, दोरी, दोन माड. नाव तेवढं घेतलं नाही. “सैन्य परत आलं, मित्रहो! पेपरांनी आनंद साजरा केला! आणि दुसऱ्याच दिवशी त्या शाळेच्या फाटकाला बांधून, त्याच्या मुलींसमोर, त्याला गोळ्या घालण्यात आल्या! त्याच्या रक्ताचा थेंब न थेंब विचारतोय...”

टाळ्या सुरू झाल्या. त्यांच्यामध्येच घंटा वाजली. मग परत वाजली. टाळ्या थांबल्या तरी ती वाजत होती.

“तांबे,” वकील म्हणाले, “अजून अडीचच मिनिटं झालीत.”

“व्हय साहेब.” राजाराम उभा होता. “वेळ नाय झाली. पण तो मेला असं मी बोललो नाय.”

मागे कुणीतरी हसलं. हेमाबाई अर्ध्या उठल्या.

“मी त्याला कळवलं नाय, एवढंच बोललो. कळवलं असतं तर आमची माणसं गेली असती. म्हणून नाय कळवलं. पुढचं मला माहीत नाय, आणि ह्या पोराला तर मुळीच माहीत नाय.”

इतकं बोलून तो बसला. वकिलांनी चष्मा पुसला आणि स्पर्धकाला वेळ वाढवून द्या म्हणाले. यज्ञेशचा धागा तुटला होता. तो उरलेलं भरभर म्हणून खाली उतरला. ढाल दुसऱ्या शाळेने नेली.

“तेवीस वर्षांत एकदाही चुकला नाहीत, आणि चुकलात ते आमच्याच मुलाच्या वेळी,” हेमाबाई एवढंच बोलल्या. त्यांचा राग संध्याकाळपर्यंत टिकला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलं शिपायांच्या खोलीत आली. मनस्विनीचे डोळे सुजले होते. “मामा, माझ्या बाजूला ते उपयोगाचं नव्हतं. म्हणून मी त्याला दिलं. शेवट त्याने घातला.”

“सॉरी, मामा,” यज्ञेश म्हणाला. आणि मग, वाद घालायला नव्हे तर खरंच विचारावं तसं, “पण तसंच झालं असणार ना?”

त्या मुलाने सभागृहात जे एका वाक्यात मांडलं होतं, ते आदल्या रात्रीपासून राजारामच्या डोक्यातून हलत नव्हतं. फाटक त्याने बघितलेलं होतं, त्यामुळे ते दिसायला वेळ लागला नाही. मन्नारची वाट मात्र आता दिसत नव्हती.

“गावाचं नाव सांगा, मामा,” मनस्विनी म्हणाली. “शाळा आहे का नेटवर बघते.”

शाळा होती. फोटोत नवी, निळ्या रंगाची, दोन मजली. खाली नंबर होता. दारात येऊन उभ्या राहिलेल्या हेमाबाईंनी आपला फोन पुढे केला.

पलीकडे एक बाई इंग्रजीत बोलल्या. मनस्विनीने विचारलं, नव्वद साली तुमच्याकडे सिन्नतंबी नावाचे शिपाई होते का? बाई म्हणाल्या, एक जुने मास्तर आज आलेत, विचारून येते. फोन चालूच राहिला. त्यातून मुलांचा गलका येत होता, कुठल्याही शाळेत येतो तसा. राजाराम स्टुलावर बसला होता, तो उठून उभा राहिला.

बाई परत आल्या. मनस्विनी ऐकून ऐकून सांगत गेली. “होते म्हणे. एके दिवशी शाळेत आलेच नाहीत. मास्तर घरी बघायला गेले, तर घराला बाहेरून कुलूप होतं. मामा, कुलूप! म्हणजे स्वतःहून गेले असणार!”

“कुलूप कोणीपण लावतं, गो.”

“पण मुली, बायको...”

“पुढचं विचार.”

पुढचं मास्तरांना माहीत नव्हतं. त्यानंतर तिथे बरीच वर्षं लढाई चालली, अर्धं गाव इकडेतिकडे झालं. मनस्विनीने फोनवर हात ठेवला. “त्या विचारतायत, कोण बोलतंय? नातेवाईक का?”

राजारामला सहज नाही म्हणता आलं असतं, आणि विषय तिथेच संपला असता.

“सांग, चौकीतला राजाराम,” तो म्हणाला. “ज्यानं कळवलं नाय तो, असंच सांग. आणि माझा नंबर दे. त्याला, नायतर त्याच्या पोरींना कोणी ओळखत असंल तर देऊ दे. शिव्या द्यायला केला तरी चालंल.”

मनस्विनीने ते इंग्रजीत कसं सांगितलं, ते त्याला समजलं नाही. नंबर मात्र तिने दोनदा सांगितला, तो त्याने आकड्याआकड्याला मान हलवून तपासला.

एकतीस तारखेला शाल आणि श्रीफळ देऊन त्याला निरोप दिला. आता तो घरी असतो. गावात फोनला रेंज नीट येत नाही, विहिरीच्या कट्ट्यावर तेवढी येते, म्हणून फोन तिथे ठेवतो आणि आसपासचीच कामं काढतो. नंबर ओळखीचा नसला की उभा राहून घेतो. बहुतेक वेळा पलीकडे कुणीतरी मुलगी प्लॉट विकत असते. तो मध्येच तोडत नाही, तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतो. न जाणो, शेवटी काही वेगळं बोलायची.

“कोण होता?” सावित्री पडवीतून विचारते.

“प्लॉटवाली. हातखंब्याला बंगले होतायत म्हणते,” तो सांगतो, आणि फोन किती चार्ज आहे ते बघतो.