नाना मुकादमानं भरलेला खड्डा

नाना मुकादम सकाळी रस्ता बघायला निघाला की चपला हातात घ्यायचा. आमची गँग हसायची. तो म्हणायचा, डांबर वरून चांगलं दिसतं, पण आतून पोकळ झालं की तळपायाला आधी कळतं. पहूरजवळचा आमचा रस्त्याचा तुकडा त्याला असा पायानं पाठ होता.

मी चौथी शिकलेला. काम मला त्यानंच शिकवलं. दुसऱ्या गँगा खड्ड्यात माल ओतायच्या, फावड्यानं थोपटायच्या आणि पुढं जायच्या. नाना आधी खड्डा चौकोनी कापायला लावायचा. कडा उभ्या, धूळ झाडलेली, मगच खडी-डांबर. एकदा मी घाई केली, तर भरलेला खड्डा त्यानं मला परत उकरायला लावला. म्हणाला, "भो, इथून कोनाची तरी लेक सासरी जाईन. तिले हिसका बसला नाही पाहिजे."

जेवायला तो माझ्याशेजारी बसायचा, म्हणजे माझ्या डब्याशेजारी. माझी बायको त्याच्यासाठी कळण्याची एक भाकर जास्त बांधायची. तो तिला अक्का म्हणायचा. अक्कानं तुझ्यात काय पाहिलं कोण जाणे, हे मला रोज ऐकवायचा.

मी रिटायर झालो, तो कामावर राहिला. मागच्या नवरात्रात माझी बायको पुतण्याच्या गाडीवर मागं बसून माहेरी चालली होती. आमच्याच तुकड्यावर गाडी खड्ड्यात आदळली, ती उडून पडली. दोन दिवस सिव्हिलमध्ये होती, मग गेली. ती तिथं असतानाच पंचनामा झाला. रस्ता चांगला, बाई चक्कर येऊन पडली, असं लिहिलं. तिला जन्मात चक्कर आली नव्हती.

दहाव्यानंतर मी ती जागा बघायला गेलो. खड्डा भरलेला होता. चौकोनी. चारी कोपरे कापलेले, कडा सुतात. मी खाली बसून त्यावर हात फिरवला. काम कोणाचं, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

तसाच नानाच्या घरी गेलो. तो खोटं बोलला नाही. साहेबाचा फोन आला, पंचनाम्याआधी भर म्हणाले, भरला. खड्डा नव्हता या जबाबावर सहीही त्याचीच. मी म्हटलं, नाना, मला भरपाई नको. होता एवढं लिहून दे. ती आपली आपण पडली, असं कागदावर राहायला नको.

"तो तुकडा माह्या नावावर हाये, भो," तो म्हणाला. "होता म्हटलं का मीच सापडतो."

"मला तरी सांग. होता का?"

"होता. महिनाभर होता. तीनदा माल मागितला, वरून आला नाही."

हेच लिही म्हटलं, तर त्यानं मान आडवी हलवली. मी पाणी न घेता उठलो. साहेबानं फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. साहेब माझा कोण? नाना माझा होता.

वर्षश्राद्धाला तो दारापर्यंत आला. सुनेनं विचारलं, मुकादमकाका आलेत, ताट वाढू का? मी म्हटलं, त्यांना विचार, अक्का कशानं गेली. चारचौघांत सांगितलं तर वाढ.

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं चौकटीला धरलेला हात सोडला, आणि तो गेला.