पाण्याला बसायला जागा

पावसाळ्यात आमच्या घरी रेशनकार्ड, माझ्या मार्कशीट आणि आईची पोत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, खिळ्याला टांगलेली असायची. वडील मार्केट यार्डात हमाल. मुठेकाठच्या वस्तीत आमची एक खोली. धरणातून पाणी सोडलं की पिशवी उचलायची आणि शाळेच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसायचं. परत आल्यावर गाळ उपसायचा, भिजलेले तांदूळ फेकायचे. त्या खोलीतून मी भूगोलात बी.ए. झाले. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी न विचारताही सांगते.

हमीदचाचा गल्लीच्या तोंडाशी राहायचे, डंपर चालवायचे. कुणाच्याही घरी ते बसत नसत. दारात उभ्यानंच चहा. किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात, आणि नजर भिंतीवरच्या ओलीच्या रेघेवर.

"अहो भाईजान, टेका जरा," आई म्हणायची.

"टेकतो की वहिनी, पाऊस संपू दे."

पाऊस संपला तरी टेकायचे नाहीत.

एका वर्षी पाणी पार माळ्यापर्यंत चढलं. गाळ काढताना वडील चिडून म्हणाले, "वरच्या वळणावर सखल जागा होती तवर गुडघाभर यायचं. कुण्या हरामखोरानं तिथं भराव टाकला!"

दारात चाचांच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"मी टाकला," ते म्हणाले. "नारायण पेठेतली जुनी घरं पडत होती. राडारोडा कुठं टाकू विचारलं, तर ठेकेदार म्हणाला, नदीकडं रिकामी जागा आहे. मलाही रिकामीच दिसली, भाऊ. लव्हाळा, चिखल, चार बगळे. पाणी तिथं बसत होतं, ते दिसलंच नाही."

वडिलांनी गाळाचं घमेलं उचललं आणि बाहेर जाऊन ओतलं. पुढे तीन महिने ते चाचांशी बोलले नाहीत.

'पूरमैदान', म्हणजे पुरात नदी पसरते ती सखल जागा, हा शब्द मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिला होता. चाचांनी तो मला पायाखाली दाखवला. भरावावर ते इतक्या भराभर चालायचे की मला धाप लागायची. "पाण्याला बसायला जागा द्या," म्हणायचे, "मग ते उठून घरात येत नाही." भराव काढायचा अर्ज मी लिहिला, नकाशा मी काढला. कचेरीतले साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "वा! भराव टाकायची परवानगी मागायला आजवर कुणी आलं नाही. काढायची मागणारे आपण पहिलेच."

"टाकताना विचारलं नाही, तीच चूक झाली साहेब," चाचा म्हणाले. "म्हणून आता विचारतोय."

साहेबांनी त्याऐवजी वस्तीला नदीच्या बाजूनं भिंत देऊ केली. सगळे खूश झाले, मीसुद्धा. चाचा मात्र वस्तीच्या बैठकीत येरझाऱ्या घालत राहिले. "भिंत बांधून पाणी समोरच्या काठावरच्या वस्तीत ढकलाल. तिथं काय मगरी राहतात?"

"तुम्ही बोलूच नका, तुम्हीच बुडवलंत!" कुणीतरी ओरडलं.

"म्हणून तर बोलतोय."

तेव्हा माझे वडील उठले. "ह्यांचं बरोबर आहे," एवढंच म्हणाले. भिंतीचा कागद सह्या न होताच परत गेला.

दोन वर्षं हेलपाटे घातले, तेव्हा कुठे जेसीबी आला. कुठल्या कोपऱ्यात किती भराव आहे, ते चाचांना तोंडपाठ होतं. खाली मूळची काळी माती लागली तसा त्यांनी हात वर केला. आम्ही कडेनं वाळुंज आणि करंजाची झाडं लावली. मधे बाग करू, बाकडी टाकू, असं एकानं सुचवलं. "बाकडी कशाला? पाण्यालाच बसू दे," चाचा म्हणाले.

पुढच्या जुलैत धरणातून पाणी सुटलं. चाचा सकाळपासून गल्लीत खालीवर करत होते. पाणी वळणावरच्या सखलात शिरलं, पसरलं. दुपारी आमच्या दुसऱ्या पायरीला लागलं आणि तिथंच थांबलं. आईनं खुर्ची बाहेर आणली. "आता तरी बसा, भाईजान."

"समोरच्या वस्तीत बघून येतो, वहिनी." किल्ल्या वाजवत ते पुलाकडे गेलेसुद्धा.

गेल्या थंडीत चाचा वारले. वळणावर आता लव्हाळा माणसाएवढा वाढलाय, पाणकोंबड्या पिल्लं घेऊन फिरतात. तीन पावसाळे झाले. आमच्या घरात पाणी शिरलेलं नाही. समोरच्यांच्याही नाही.