बिननंबरी तुकडे

औषधाच्या दुकानात माझ्या मावशीला सगळे कात्रीबाई म्हणतात. तीस वर्षं काउंटरवर उभी राहून ती गोळ्यांच्या स्ट्रिपा कापतेय. कुणाला सहा हव्यात, कुणाला आठ. पण मागे छापलेला बॅच नंबर गिऱ्हाइकाच्याच तुकड्यावर राहिला पाहिजे, हा तिचा हट्ट. उरलेले बिननंबरी तुकडे कुणी घेत नाही, म्हणून मालकाला विचारून ते ती घरी आणायची. काकांची ब्लडप्रेशरची गोळीही त्यातलीच. "ही मला कात्रणांवर जगवते," असं काका आल्यागेल्याला सांगायचे आणि आम्ही हसायचो. शहाणेच आम्ही!

गेल्या आठवड्यात दुकानात त्याच गोळीच्या कंपनीचं पत्र आलं. गेल्या दोन वर्षांतल्या चार बॅचमध्ये नको ते रसायन सापडलं होतं. रोज पोटात गेलं तर कॅन्सरचा धोका वाढू शकतो म्हणे. मावशीनं दोन दिवस फोन करकरून एकेका गिऱ्हाइकाला नंबर वाचायला लावला. सगळ्यांचा छडा लागला. राहिले एकटे काका.

मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

"कुठल्या बॅचच्या घेतल्या त्यांनी?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशीनं पिशवीतले बिननंबरी तुकडे टेबलावर ठेवले.

"मग रक्त तपासा ना," मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं.

रक्तात ते कळत नाही, म्हणाले. धोका तसा कमी असतो. पण गोळी एकदम बंद केली तर प्रेशर चढून आजच झटका येईल. दुसऱ्या गोळ्या काकांना आधीच सोसल्या नव्हत्या. याच गोळीचा चांगला माल आठवड्याभरानं येणार. तोवर घरातली चालू ठेवा.

कंपनीला फोन लावला, तर तासभर नुसती होल्डवरची पिपाणी वाजत राहिली. आग लागो त्यांच्या पिपाणीला. मला रडू आलं ते रागानं.

काकांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी गोळीच सोडली असती, असे हट्टी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच होते. मावशी हातात गोळी घेऊन नुसतीच उभी.

"आज उशिरा घेतली तर चालेल का हो?" तिनं विचारलं.

"आता हे काय नवीन? चुकवू नका म्हणून रोज तूच तर डोकं खातेस," काका म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मावशीनं गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला दिला.