बुजवलेली भेग

पांडेसऱ्यातल्या एका साडी मिलच्या डिझाइन मास्तरने मला फसवलं. तो मात्र मीच त्याला फसवलं असं सांगत फिरतो, म्हणून हे लिहायला बसलो.

नव्वदच्या दशकात मी मिलवाल्यांना साड्यांची डिझाइनं विकायचो. अमळनेरकडून या परराज्यातल्या कापडाच्या शहरात आलो, लूमवर उभं राहून सुरुवात केली. ब्रश धरायला कुणी शिकवलं नाही, भाव करायलाही नाही. आठवडाभर वेली आणि कोयऱ्या काढून वीट आला की सुट्टीच्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला कतारगामला जायचो. तिथे डच व्यापाऱ्यांच्या जुन्या कबरी आहेत, देवळासारख्या उंच, घुमट आणि कमानींच्या. त्या पडक्या बांधकामासमोर बसून जलरंगात चित्रं काढायचो. ती विकायला नव्हती, माझी होती.

त्यातलं एक फार जमलं. घुमटाला वरपासून खालपर्यंत भेग, भेगेत पिंपळ, आणि पलीकडचा उजेड त्यातून आत शिरलेला. जलरंगात उजेड रंगवत नाहीत, तिथे कागद कोरा सोडतात. ती भेग मी श्वास रोखून कोरी सोडली होती.

मास्तरने एकदा माझ्या डिझाइनांच्या गठ्ठ्यात ते चित्र पाहिलं. "थोडे दिवस राहू दे माझ्याकडे," म्हणाला.

मी फुकट काही देत नाही. त्याच्याकडे एक विलायती ब्रश होता, त्याला तो कुणाचा हात लागू देत नसे. "तोवर ब्रश द्या, चित्र न्या," मी म्हणालो. त्याने कुरकुरत दिला.

आता डिझाइन खात्यातली रीत अशी, की तिथे कुठलाच कागद सोवळ्यातला नसतो. जे नको असेल त्यावर जाड पांढरा रंग थापायचा आणि वरून नवं काढायचं. मास्तरने माझ्या चित्रावर तेच केलं. भेग बुजवली, पिंपळ उपटला, घुमटावर कळस बसवला आणि साडीच्या पदरासाठी उतरवून घेतलं.

"मास्तर, हे काय केलंत?"

"अरे भाऊ, तुटेली भींत कोण पहेरे? लग्नात कोणी बाई मोडकं नेसेल? तुझं काम सुधारून दिलं, आभार मान."

चित्र उचलून मी घरी आणलं आणि ओल्या स्पंजने पांढरा रंग काढू लागलो. रंगाबरोबर कागदाचं सालही निघालं. उजेडाच्या जागी राखाडी चिखल झाला. ब्रश मी परत केला नाही. चित्र तरी जसं दिलं तसं कुठे परत आलं होतं?

पुढच्या फेरीला त्याला विचारलं, "ही इमारत कसली आहे, माहीत आहे?"

"कसली म्हणजे? राजमहाल. लग्नसराईत धावेल."

बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. माझ्या बाबतीत असं क्वचितच घडतं.

साडी खरंच धावली, हातोहात खपली. मास्तरच्या मुलीच्या साखरपुड्यात घरच्या बायकांनी तीच नेसली, आणि विहीणबाईंनाही आहेरात तीच दिली होती. मोठेपणा दाखवायला त्याने मलाही बोलावलं. पंगतीत मी त्याच्या शेजारी बसलो.

"मास्तर, कबरी छान दिसताहेत."

"कसल्या कबरी?"

"कतारगामच्या. विहीणबाईंच्या पदरावर एक डच साहेब अख्खा झोपलाय."

त्याच्या हातातली पुरी तिथेच थांबली. समोरून विहीणबाई पदर सावरत गेल्या.

"हळू बोल, भाऊ."

"हळूच बोलतोय. मोठ्याने बोलू?"

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही महाल म्हणालात. मोठ्या माणसाला खोटं कसं पाडू?" मी आणखी दोन पुऱ्या मागून घेतल्या.

तेव्हापासून तो मला दगाबाज म्हणतो. म्हणू दे. कबर महाल म्हणून विकली ती त्याने, मी नाही. मला मास्तरला एकच विचारायचं आहे. जी भेग शेकडो वर्षांत कुणी बुजवली नाही, ती माझ्या कागदावर बुजवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मास्तर, ते चित्र मी अजून टाकलेलं नाही. माझ्या घरी या, त्याच्यासमोर उभे राहा आणि उत्तर द्या.